दुबार नोंदी

वसमत रोडवरच्या झेरॉक्सवाल्या रेहाननं
लॅपटॉपात टाकून दिलं ते सॉफ्टवेअर.
म्हणाला, पैसे नाहीत मॅडम याला,
संदर्भसूची हातानं कोण लिहायलंय आता?

मी लिहिली होती.
दोन हजार नऊ साली, हॉस्टेलच्या गच्चीवर,
लग्नपत्रिकांचे कोरे पाठभाग कापून.
एका तुकड्यावर एक लेखक, सालाखाली लाल रेघ,
आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेली
मानवतच्या शेताशेतातून आणलेली ढेकळं.

आता पीडीएफ ओढायची, सोडायची.
ती आपणहून सांगते नाव, साल, खंड, अंक, पाने,
शाळेत नवं आलेलं पोर
हाताची घडी घालून सांगतं तशी.
स्वल्पविराम ज्याचा तो पडतो.
विद्यापीठानं पद्धत बदलली तर एक टिचकी,
की चारशे बारा माणसं
कपडे बदलून पुन्हा रांगेत.

आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू.
चौदा वर्षांनी पुन्हा नाव नोंदवलेल्या बाईला
सांगितलेलं ऐकणारं
काहीतरी घरात पाहिजेच होतं.

दुपारी लाईट जाऊन आली
तेव्हा डाव्या कोपऱ्यात उमटलं:
दुबार नोंदी, सतरा.
सोळा मी चहा निवायच्या आत मिटवल्या.

सतरावी अशी होती:
खिल्लारे, सत्यशीला. शेतांची नावे. २००९. पाने ३१ ते ४४.
वाव्हळे, सत्यशीला. शेतांची नावे. २००९. पाने ३१ ते ४४.

दुसरी नोंद कॉलेजातल्या क्लार्कची.
जुना लेख चढवताना त्यानं आधार कार्ड मागितलं होतं,
त्यावर होतं ते टाइप केलं.
त्याची काय चूक.

एकत्र करायच्या? यंत्रानं विचारलं.
मुख्य नोंद निवडा.

दोघींच्या पुढं एकेक रिकामं वर्तुळ.
ख पाशी एक, पार खाली व पाशी एक,
मधे तीनशेच्या वर लेखक,
त्यातले निम्मे वारलेले,
एकानंही कधी आडनाव बदललेलं नाही.

दंडाला ढेकळाची माती लागलेली ती पोरगी
कुणाच्याही बांधावर जाऊन विचारायची,
मामा, याला काय म्हणता?
गिधाडी, म्हणायचे. सवतीचा पट्टा. तुटकी. रांजणखोरी.
सांगणाऱ्यांसाठी इथं रकानाच नाही.
लेखक नाहीत ते, संपादक नाहीत, अनुवादक नाहीत.
शेवटी एक पेटी सापडली, टिपण नावाची,
तिच्यात लिहिलेलं छापून येत नाही.
तिच्यात मी टाकलं:
सांगणारी गयाबाई, कोल्ह्याचं, मुगाच्या तोडणीत.
सांगणारे शेख दादामियाँ, एका डोळ्यानं अधू, सव्वीस नावं.
सांगणारा एक पोरगा, नाव विचारायचं राहिलं.

मग वर्तुळाकडं आले.
यांना फोन करून विचारावं वाटलं,
आणि वाटलं म्हणून राग आला.

खिल्लारेवर टिचकी मारली.
वाव्हळेचा लेख तिच्या पोटात गेला,
काही आवाज झाला नाही.

आता प्रबंधावर नाव वाव्हळे,
आणि पान त्रेचाळीसवर वाव्हळे लिहिते:
खिल्लारे (२००९) यांच्या मते,
शेत विकलं, सातबारा फिरला, मालक दुसऱ्या गावचा आला,
तरी लोकांच्या तोंडी शेताचं नाव
सहसा जुनंच राहतं.

सहसा. तेव्हाही हा शब्द मी घातला होता,
सरांनी खोडला होता, मी पुन्हा घातला होता.

रात्री रेहान प्रिंट काढता काढता वाचायला लागला.
मॅडम, ही खिल्लारे कोण?
दर दोन पानाला हिचंच नाव यायलंय.

ओळखीची आहे, म्हणलं.
पाठपोट काढ,
आणि शाई बघ जरा,
ख पुसट उठायलाय.